गुण न देणारें माणूस

शिक्षकाला समोरचे चेहरे पाहून बोलण्याची संवय असते. मागच्या बाकावरचा मुलगा खिडकीबाहेर पाहूं लागला, कीं आपलें बोलणें लांबलें हें त्याला कळतें. येथें माझ्यासमोर एक लहानसें यंत्र आणि एक बंद कांच एवढेंच आहे. तेव्हां आपणांपैकीं कोणी खिडकीबाहेर पाहत असल्यास मला तें दिसावयाचें नाहीं. आजचा विषयही एका अर्थीं या न दिसण्याचाच आहे. शाळेंत मुलें रोज पांच-सहा तास आमच्या डोळ्यांसमोर बसलेलीं असतात, आणि तरीही त्यांच्या मनांत काय चाललें आहे हें आम्हांस बहुधा दिसत नाहीं. विद्यार्थ्यांचें मानसिक आरोग्य आणि त्यांची वर्तणूक यांकडे शाळेनें कसें पाहावें, यासंबंधीं मी आज बोलणार आहें.

मीं पुण्यांतील एका शाळेंत तीस वर्षें गणित शिकविलें. त्यांतील एक गोष्ट सांगितल्यावांचून मला पुढें जातां येत नाहीं. कारण या विषयावर बोलण्याचा माझा जो कांहीं अधिकार असेल, तो माझ्या एका चुकीनें मला मिळवून दिला आहे.

आठवीच्या वर्गांत एक मुलगा होता. पहिल्या सहामाहींत त्याचें गणित बरें होतें. दिवाळीनंतर मात्र तो सकाळच्या पहिल्याच तासाला डोळे मिटूं लागला. गृहपाठ नाहीं, वही नाहीं, विचारलें तर उत्तर नाहीं. एके दिवशीं मीं त्याला उभें केलें आणि विचारलें, ‘काय कुंभकर्ण, उठलांत का?’ वर्ग हंसला. मीही हंसलों. छडीवांचून, केवळ विनोदानें शिस्त राखणारा शिक्षक अशी माझी ख्याति होती, आणि तिचा मला थोडासा अभिमानही होता. दुसऱ्या दिवसापासून तें नांव त्याला चिकटलें. मैदानावर, जिन्यांत, पाण्याच्या नळाशीं, सगळीकडे. दोन-तीन आठवड्यांनीं त्यानें एका मुलाच्या तोंडावर लाकडी फूटपट्टी मारली, तेव्हां मीं त्याच्या नांवापुढें लाल शाईनें शेरा लिहिला. जानेवारीनंतर ज्या दिवशीं पहिला तास माझा असे, त्या दिवशीं तो येईनासा झाला. वार्षिक परीक्षेला तो बसलाच नाहीं.

मे महिन्यांत निकालाच्या कामासाठीं शाळेंत गेलों असतां आमच्या शिपायानें सहज विचारलें, ‘सर, तो झोपणारा पोरगा शाळा सोडून गेला का हो?’ मग त्यानें सांगितलें तें असें. मुलगा रोज साडेसहालाच शाळेंत येत असे. शाळा भरावयास तासाचा अवकाश असे. तेवढ्यांत शिपाई त्याला अर्धा कप चहा देई आणि पायरीजवळच्या बाकावर निजूं देई. रात्रीं वडील दारू पिऊन येत. तेव्हां धाकट्या बहिणीला घेऊन हा मुलगा शेजारच्या इमारतीच्या जिन्यांत बसून राही. हें सारें शिपायाला चार महिने ठाऊक होतें. मीं म्हटलें, ‘मामा, मग आम्हांला कां नाहीं सांगितलंत?’ तो म्हणाला, ‘तुम्ही विचारलंत कुठं, सर? अन् पोरानं शपथ घातली होती.’

या उत्तरावर मीं पुष्कळ वर्षें विचार केला आहे. मुलानें ती गोष्ट वर्गशिक्षकांना सांगितली नाहीं, मुख्याध्यापकांना सांगितली नाहीं, मला तर नाहींच नाहीं. ज्याला सांगितली तो मानसशास्त्र शिकलेला नव्हता. परंतु त्याच्या हातांत गुणपत्रक नव्हतें, लाल शाई नव्हती, आणि पालकांना चिठ्ठी धाडण्याचा अधिकारही नव्हता.

असो. ‘मानसिक आरोग्य’ हा शब्द उच्चारला, कीं आपल्याकडील सुशिक्षित घरांतही अजून वेड्यांचें इस्पितळ डोळ्यांपुढें येतें. वास्तविक शाळकरी मुलाचें मन आजारी पडतें तें बहुतेक वेळां इतकें भयंकर रूप घेऊन येत नाहीं. झोप उडते किंवा अतोनात वाढते, भूक मंदावते, कालपर्यंत आवडणाऱ्या खेळांतून मन निघतें. डोकें दुखतें, पोट दुखतें, आणि डॉक्टरांना तपासून कांहीं सांपडत नाहीं. शाळेच्या दिवशीं सकाळीं दुखणारें आणि रविवारीं न दुखणारें पोट पुष्कळ आयांच्या ओळखीचें असेल. त्याला आपण ढोंग म्हणतों. तें बहुधा ढोंग नसतें. भीतीनें पोट खरोखरच दुखतें, आणि रविवारीं भीतीचें कारण नसतें म्हणून तें दुखत नाहीं, इतकेंच.

वर्गांत या दुखण्याचीं रूपें दोन. कांहीं मुलांचें दुःख बाहेर फुटतें: तीं मारामारी करतात, उलट बोलतात, दुसऱ्याचा डबा उडवितात. कांहींचें आंतल्या आंत जिरतें: तीं बोलत नाहींत, हात वर करीत नाहींत, बोलावलें तर येतात आणि जा म्हटलें कीं जातात. पहिल्यांना आम्ही खोडकर म्हणतों आणि दुसऱ्यांना गुणी. ज्याला पस्तीस मिनिटांचा तास शांतपणें पार पाडावयाचा आहे, त्याला या गुणी मुलापासून कांहींच त्रास नसतो; म्हणून तें आजारी असल्याचें त्याच्या लक्षांतच येत नाहीं. येथें शिक्षकाला एकच कसोटी उपयोगी पडते. मूल चांगलें आहे कीं वाईट, हें पाहूं नये. तें बदललें आहे काय, हें पाहावें. बडबड्या मुलानें दोन-तीन आठवडे तोंड मिटलें, नीटनेटक्या मुलीची वही एकाएकीं गबाळी झाली, सर्वांबरोबर जेवणारा एकटा जेवूं लागला, म्हणजे कांहींतरी घडलें आहे. क्वचित् त्या मुलाला फळाच दिसत नसतो आणि चष्म्यानें काम भागतें. परंतु चौकशी केल्यावांचून तेंही कळत नाहीं.

अशीं मुलें किती असावींत? आपल्या देशांत २०१५-१६ सालीं जी राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणी झाली, तींत तेरा ते सतरा वर्षांच्या मुलांपैकीं शेंकडा ७.३ मुलांना कोणता ना कोणता मानसिक विकार असल्याचें आढळलें. जागतिक आरोग्य संघटना जगाचा हिशेब करतांना दहा ते एकोणीस वर्षांच्या सातांतील एक असें प्रमाण सांगते. हे आंकडे मोजण्याच्या पद्धतीप्रमाणें कमीजास्त होतात. परंतु लहान आंकडा धरला तरी पन्नासांच्या वर्गांत तीन-चार मुलें होतात. तीस वर्षांत माझ्या हाताखालून किती वर्ग गेले, याचा हिशेब गणिताच्या शिक्षकाला करतां येतो. तो मीं केला आहे आणि तो सुखाचा नाहीं.

ही जाणीव आपल्याकडे नवी आहे, असें मात्र समजूं नये. मुंबईस १९३६ सालीं सर दोराबजी टाटा यांच्या नांवें समाजकार्याचें विद्यालय निघालें. आजची टाटा समाजविज्ञान संस्था ती हीच. त्या विद्यालयानें पुढच्याच वर्षीं, १९३७ सालीं, मुलांसाठीं मार्गदर्शन केंद्र उघडलें. हिंदुस्थानांतील त्या प्रकारचें तें पहिलें. अशा केंद्रांची मूळ कल्पना मला फार आवडते: मुलाला तपासण्यास डॉक्टर, त्याची बुद्धि व मन पाहण्यास मानसशास्त्रज्ञ, आणि त्याच्या घरीं जाऊन यावयास समाजसेवक, अशीं तीन माणसें एका मुलाभोंवतीं. मूल एकटें बिघडत नसतें, त्याच्याभोंवतीं एक घर असतें, हें त्या तिसऱ्या माणसाच्या नेमणुकींतच मान्य केलेलें आहे. परंतु केंद्र शहरांत राहिलें आणि शाळा सर्वत्र पसरल्या. ज्या मुलाला तेथें न्यावयाचें त्याला कोणीतरी आधीं ओळखावें लागतें, आणि ओळखणारें माणूस शाळेंत नव्हतें.

‘मग शिक्षक कशाला आहेत?’ असें कोणी विचारील. या प्रश्नाच्या पाठीमागें आपल्या मनांत साने गुरुजी उभे असतात. १९२४ ते १९३० या काळांत गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कुलांत शिक्षक होते. तेथील छात्रालय त्यांच्याकडे होतें, आणि मुलांसाठीं ते स्वतःच्या हातानें लिहून ‘छात्रालय’ नांवाचें दैनिक काढीत. आईवेगळ्या राहणाऱ्या मुलांना रोज सकाळीं कोणीतरी आपल्यासाठीं रात्रीं जागून लिहिलें आहे हें दिसावें, याहून मोठें औषध कोणतें? परंतु गुरुजींसारखा माणूस शासनाच्या ठरावानें निर्माण होत नाहीं. आमच्यासारख्या साध्या शिक्षकाच्या वांट्याला साठ मुलांचा वर्ग, तपासावयाच्या वह्या, जनगणना आणि निवडणुका येतात; शिवाय संध्याकाळीं त्यालाही घर असतें. त्याच्या सद्भावनेवर सर्व भार टाकणें म्हणजे त्या कामाची सोय न करणें होय.

हा केवळ माझा तर्क नव्हे. गोव्यांत १९९६ सालीं स्थापन झालेली ‘संगाथ’ नांवाची संस्था आहे. मानसिक आरोग्याची सेवा सामान्य माणसांना शिकवून सामान्य लोकांपर्यंत नेतां येईल काय, याचा शोध ती अनेक वर्षें घेत आली आहे. या संस्थेच्या मंडळींनीं बिहारमधील नालंदा जिल्ह्यांत, पाऊणशेच्या आसपास सरकारी माध्यमिक शाळांत, २०१५-१६ सालीं एक मोठा प्रयोग केला. शाळांचे चिठ्ठ्या टाकाव्या तसे तीन गट पाडले. एका गटांत नेहमींचा जीवनशिक्षणाचा कार्यक्रम तेवढा चालूं ठेवला. दुसऱ्या गटांत शाळेंतीलच एका शिक्षकाला तयार करून हें काम दिलें. तिसऱ्या गटांत बाहेरचें, त्याच भागांतलें एक माणूस नेमलें. मानसशास्त्राची पदवी नसलेलें, परंतु या कामापुरतें शिकविलेलें. दुसऱ्या आणि तिसऱ्या गटाचें काम एकच. प्रार्थनेच्या वेळीं सर्व शाळेशीं बोलावयाचें, भित्तिपत्रक चालवावयाचें, मुलांनीं नांव न लिहितां मनांतली गोष्ट टाकावी म्हणून एक पेटी ठेवावयाची, विद्यार्थ्यांचे गट करावयाचे, आणि ज्याला एकट्यानें भेटावयाचें असेल त्याला भेटावयाचें.

वर्षाअखेर नववीच्या विद्यार्थ्यांना विचारून मोजमाप केलें. बाहेरून नेमलेल्या माणसाच्या शाळांत मुलांना शाळा आपली वाटूं लागली होती. तेथें उदासपणा कमी झाला होता, दांडगाई व मारामारीही कमी झाली होती. शिक्षकांकडे काम दिलेल्या शाळांत मात्र नेहमींच्या शाळांहून कांहीं फरक दिसला नाहीं. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकांत २०१८ सालीं हा वृत्तांत प्रसिद्ध झाला. पुढें दुसऱ्या वर्षींही पाहणी झाली, तेव्हां पहिल्या गुणांत भरच पडलेली आढळली.

मीं तो वृत्तांत प्रथम वाचला तेव्हां शिक्षक म्हणून मला थोडा रागच आला. मग शिपाईमामा आठवले. शिक्षक वाईट होते म्हणून हें झालें नाहीं. सकाळीं ज्यानें तुम्हांस भूमितींत नापास केलें, त्याच्याच दारीं दुपारीं ‘मला रात्रीं झोंप येत नाहीं’ असें सांगावयास कोण जाईल? न्यायाधीश आणि वकील एकच असूं नये, हा नियम आपण न्यायालयांत पाळतों. शाळेंत तो कोणाला सुचला नाहीं.

त्या माणसानें करावयाचें तरी काय? ‘समुपदेशक’ हा शब्द मोठा जड आहे. मुलें त्याला ‘काउन्सेलर’ म्हणून मोकळीं होतात. मोठ्यांची अशी समजूत असते, कीं त्यानें मुलाला बसवून चार उपदेशाच्या गोष्टी सांगाव्या. उपदेश आम्ही शिक्षक भरपूर करतोंच. याच संस्थेनें पुढें दिल्लींतील सरकारी शाळांत जी पद्धति अजमाविली, तींत तीन आठवड्यांच्या आंत चार-पांच लहान भेटी होत्या. मुलानें आपली अडचण आपल्या शब्दांत नेमकी मांडावी. तिच्यावर काय काय करतां येईल त्या वाटा स्वतःच सुचवाव्या. त्यांतली एक धरून पाहावी आणि पुढच्या भेटींत काय झालें तें सांगावें. इतकेंच. इतक्यानें मुलांना आपल्या अडचणींचा भार हलका वाटला. आजाराचीं लक्षणें मात्र तेवढ्या थोड्या दिवसांत केवळ पुस्तिका वाचणाऱ्या मुलांहून विशेष कमी झालीं नाहींत, हेंही त्या मंडळींनीं प्रांजळपणें नमूद केलें आहे. ज्या मुलाचें दुखणें याहून खोल आहे त्याला डॉक्टरकडे नेलें पाहिजे. आणि कोणाला न्यावयाचें हें ओळखणें हा या माणसाच्या कामाचा अर्धा भाग आहे.

कायद्याचें बळ आतां पुष्कळ आहे. शिक्षणाच्या हक्काच्या २००९ च्या कायद्याचें सतरावें कलम मुलाला मारण्याची तशीच त्याचा मानसिक छळ करण्याचीही मनाई करतें. माझा ‘कुंभकर्ण’ त्या कलमांत बसतो असें माझें मत आहे. विशाखापट्टणम येथें शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीच्या मृत्यूच्या प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयानें २५ जुलै २०२५ रोजीं देशांतील शिक्षणसंस्थांना पंधरा सूचना घालून दिल्या, आणि योग्य तो कायदा होईपर्यंत त्या बंधनकारक ठरविल्या. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेनें निदान एक शिकलेला समुपदेशक नेमावा. लहान संस्थांनीं बाहेरच्या जाणकारांशीं संबंध ठेवावा. गुणांवरून मुलांच्या तुकड्या पाडणें आणि त्यांना चारचौघांत लाजविणें शक्य तों टाळावें, असें तींत आहे.

परंतु आपल्याकडे सूचनेचें काय होतें, तें मला ठाऊक आहे. एका खोलीवर पाटी लागते. खोली मुख्याध्यापकांच्या कचेरीस लागून असते, म्हणजे आंत कोण गेलें हें सर्व शाळेला दिसावें. नेमणूक होते ती ज्यांचे तास कमी भरतात अशा एखाद्या बाईंची, आणि त्याच बाई सोमवारीं बदली तासाला येऊन त्याच मुलांना अंगठे धरून उभें करतात. अशी खोली नसलेली बरी. खोली वाचनालयाच्या वाटेवर असावी, जेथें जाण्याचें कारण कोणी विचारीत नाहीं. पेटीची किल्ली मुख्याध्यापकांकडे असूं नये. आणि या माणसाकडे परीक्षेचें कोणतेंही काम देऊं नये, अगदीं पर्यवेक्षणाचेंही नाहीं.

गुप्ततेचा प्रश्न मात्र नाजूक आहे. शिपाईमामांनीं शपथ पाळली. ती पाळावयास नको होती. मुलानें सांगितलेली गोष्ट वर्गांत, शिक्षकांच्या खोलींत किंवा पालकसभेंत जाऊं नये, हें खरें. परंतु जेथें मुलाच्या जिवाला धोका आहे, किंवा कोणी त्याच्यावर अत्याचार करीत आहे, तेथें गप्प राहतां येत नाहीं. लैंगिक अत्याचाराच्या बाबतींत तर २०१२ सालच्या कायद्यानें, माहिती असणाऱ्या प्रत्येकावर ती पोलिसांना कळविण्याची सक्ती केली आहे. म्हणून पहिल्याच भेटींत मुलाला सांगावें: तूं सांगशील तें माझ्याजवळ राहील, या दोन गोष्टी सोडून. मुलांना हा करार समजतो. न सांगतां मोडलेला विश्वास मात्र त्यांना पुन्हा जोडतां येत नाहीं.

आतां थोडें पालकांविषयीं. शाळेनें बोलावलें म्हणजे आपण कोर्टाचें समन्स आल्यासारखे जातों. ‘आमच्या घरीं असें कांहीं नाहीं’ हें वाक्य आधीं तोंडांत येतें. मुलगी असली तर पुढें तिच्या लग्नाच्या वेळीं हें निघेल अशी धास्ती असते, आणि मुलगा असला तर दहावीचें वर्ष वायां जाईल अशी. डोळ्यांच्या डॉक्टरकडे आपण शेजाऱ्यांना सांगून जातों, मनाच्या डॉक्टरकडे मात्र दुसऱ्या पेठेंत जातों. आणखी एक भीति पालकांत व शिक्षकांत सारखीच आढळते: खिन्न झालेल्या मुलाला ‘तुझ्या मनांत जीव नकोसा झाल्याचे विचार येतात का?’ असें सरळ विचारलें तर तो विचार आपणच त्याच्या डोक्यांत घातला असें होईल. अभ्यासकांनीं हें तपासून पाहिलें आहे, आणि या भीतीला आधार सांपडलेला नाहीं. उलट कोणीतरी विचारलें म्हणून पुष्कळांना हायसें वाटतें. उत्तर ‘होय’ असें आलें तर रागावूं नये, समजूत घालण्याची घाई करूं नये. मुलाला एकटें सोडूं नये आणि त्याच दिवशीं डॉक्टरांना गांठावें. ऑक्टोबर २०२२ पासून सरकारनें ‘टेलिमानस’ नांवाची दूरध्वनीची सोय केली आहे. १४४१६ या क्रमांकावर दिवसा वा रात्रीं केव्हांही, विनामूल्य आणि मराठींतूनही बोलतां येतें. मुलांच्या पाठांतराच्या वहींत नव्हे, पण घरांतील दूरध्वनीच्या यादींत तो लिहून ठेवण्यास हरकत नाहीं.

माझा तो विद्यार्थी पुढें मला एकदांच दिसला, स्वारगेटच्या गर्दींत. त्यानें मला ओळखलें कीं नाहीं हें मला सांगतां येणार नाहीं. मीं त्याला हांक मारली नाहीं, कारण त्या क्षणीं मला त्याचें खरें नांव आठवेना, दुसरेंच आठवलें.

येत्या पालकसभेस आपण जाल, तेव्हां गुणपत्रकावर सही करण्यापूर्वीं वर्गशिक्षकांना एवढेंच विचारा, कीं मधल्या सुट्टींत आमचें मूल कोणाबरोबर डबा खातें. त्यांना सांगतां आलें नाहीं तर त्यांच्यावर रागावूं नका. जातांना दारांतल्या मामांना विचारा.